रेसकोर्सचा चोख काटा

"एकवेळ पाद्री प्रवचनात थाप मारेल, पण माझा काटा खोटं बोलायचा नाही," असं वितोमिर गेली बावीस वर्षं सांगत होता आणि गाव ते मानत होतं. सर्बियातल्या त्या लहानशा गावाच्या रेसकोर्सवर जॉकींची वजनं करणं हे त्याचं काम. शर्यतीआधी प्रत्येक जॉकी खोगीर घेऊन काट्यावर चढे, शर्यत संपली की पुन्हा चढे; दोन्ही वजनं जुळावी लागत. गॅलरी गळकी होती, तबेल्यांची दारं दोरीने बांधलेली होती; पण काट्याला नाव ठेवायची कोणाची छाती नव्हती.

शुक्रवारी वितोमिरने दारू गाळायला आपल्या मेहुण्याकडून, रादोयकोकडून, चाळीस पेट्या आलुबुखार घेतले. तोलायचे कुठे? अर्थात रेसकोर्सच्या काट्यावर. आता समोर मेहुणा म्हटल्यावर कुणाची नियत ठिकाणावर राहते? रादोयको सिगारेट पेटवायला वळला तेवढ्यात वितोमिरने काट्याचा स्क्रू हळूच पिळला. प्रत्येक पेटी दोन किलोंनी कमी भरली. रादोयकोने हुज्जत न घालता पैसे मोजून घेतले. वितोमिर खुशीत घरी गेला आणि स्क्रू पिळलेलाच राहिला.

रविवारी गावातली सर्वांत मोठी शर्यत. सातही जॉकींनी खोगिरासकट अठ्ठावन्न किलो भरायला हवं. बिचारे आठवडाभर कोबीच्या पानांवर जगले होते. पहिला चढला ओग्नेन. छप्पन्न!

"काका, नीट बघा."

"माझ्या काट्याला शिकवतोस? दोन किलो कमी आहेस. खोगिरात शिसं भर."

"शिसं कशाला? पोट रिकामंच आहे की."

मागचे सहाही छप्पन्नच भरले. मग काय, गॅलरीखालच्या शेगडीवर खिम्याचे चेवापी भाजत होते, त्यांवर सातही जण तुटून पडले. वर दह्याचे तांबेच्या तांबे. अर्ध्या तासाने ओग्नेन परत आला तेव्हा त्याच्या विजारीचं बटण लागत नव्हतं, पण काट्यावर बरोबर अठ्ठावन्न भरला. बाकीचेही भरले.

ते घोड्यांवर बसले आणि वितोमिरच्या डोक्यात प्रकाश पडला. सातही जण नेमके दोनच किलो कमी कसे? बावीस वर्षांची अब्रू आणि नोकरी एका स्क्रूवर लटकली होती. तो धावत वजनाच्या खोलीत गेला आणि स्क्रू पूर्ववत केला. बाहेर शर्यत सुटली.

तेव्हा कुठे त्याला उमगलं. काटा वाकडाच ठेवला असता तर येताना-जाताना वजन सारखंच दिसलं असतं! त्याने पुन्हा स्क्रूकडे हात नेला, तोच बेलग्रेडहून आलेल्या तपासनीस गोर्दानाबाई आत आल्या आणि काट्याशेजारीच खुर्ची ओढून बसल्या.

"चालू द्या तुमचं," त्या म्हणाल्या.

ओग्नेन जिंकला. काट्यावर चढला, साठ. दुसरा, साठ. तिसऱ्याच्या वेळी बाईंनी चष्मा लावला.

"शर्यतीत माणसाचं वजन उतरतं. हे काय घोड्यावर बसून जेवले?"

"आधी जेवलो," ओग्नेन ढेकर देत म्हणाला. "काकांनी सांगितलं, वजन कमी आहे."

"हवा दमट आहे बाई," वितोमिर पुटपुटला.

"दोन किलो दमट?"

दारात अख्खं गाव जमलं होतं. शेवटी वितोमिरने मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. सातही घोड्यांवर ओझं सारखंच होतं म्हणून निकाल कायम राहिला. वितोमिर मात्र राहिला नाही. बाईंनी खोलीची किल्ली तिथल्या तिथे काढून घेतली.

बाहेर रादोयको उभा होता. वितोमिरला खरोखरच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलो रे. पेटीमागे दोन किलो लुबाडले मी तुला."

रादोयकोने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याला कोपऱ्यात ओढलं.

"दाजी, पेट्या अजून उपसल्या नाहीत ना?"

"नाही."

"मग तळातले दगड तेवढे मला परत द्या, कुंपणाचे आहेत. पेटीत दोन-दोन किलोच घातलेत. तुमचा काटा चोख, म्हणून जास्त घालायची हिंमत झाली नाही."