संगणकाचा नंबर वाढला

दुपारी दुकानाचे शटर अर्धे ओढले, की चष्मेवाले काउंटरमागच्या जुन्या संगणकावर नाव सोडीत. वल्ही अर्थात कळफलकावरच्या बाणांची. सरोवर मात्र पडद्यावर साक्षात समोर पसरलेले. शेजारच्या स्टुलावर त्यांच्या पत्नी येऊन बसत आणि उभयतांची जलयात्रा सुरू होई. हा खेळ मेहुण्याने कधीतरी घालून दिला होता. नियम सांगायचे त्याच्याकडून राहिले आणि विचारायचे यांना सुचले नाही. सरोवराच्या मध्यावर दाट धुके होते. नाव तिथे पोहोचली, की चित्र अडखळे, गोठे, आणि दीर्घ सुस्कारा टाकून संगणक दोघांना पुन्हा पहिल्या घाटावर आणून सोडी.

"पलीकडे गाव असणार," बाई म्हणत. "दिवे लागलेलं. कुणीतरी आपली वाट बघत उभं."

"छे! रान. माणूस औषधालाही नाही. नुसती झाडं आणि शांतता."

या वादात कित्येक दुपारी सुखाने विरघळून गेल्या होत्या. संसारात जी स्वप्ने पाहायची राहून गेली, ती त्या दोघांनी धुक्यापलीकडे जपून ठेवली होती, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

पुढे मात्र ते धुके घाटापर्यंत सरकत आले. दोर सुटताच नाव अडू लागली. चष्मेवाल्यांनी पडद्याकडे वैद्यकीय करुणेने पाहिले आणि निदान केले, "नंबर वाढलाय बिचाऱ्याचा."

संगणक-दुरुस्तीवाला आला. त्याने खोके उघडून धुळीवर फुंकर घातली.

"काका, चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड म्हातारं झालंय. हे धुकं एवढं नसतंच मुळी. लांबचं काढायला झेपत नाही, म्हणून झाकून टाकतंय ते."

"म्हणजे मोतीबिंदू!"

"तसंच धरा. नवं बसवू?"

 'आता स्पष्ट दिसतंय?' हा प्रश्न जन्मभर इतरांना विचारणारे चष्मेवाले स्वतः मात्र खुर्चीत अवघडून बसले. पलीकडे गावही नसले आणि रानही नसले, तर?

"अहो, गिऱ्हाइकांना सांगता ना, बघायला घाबरू नका म्हणून?" बाई म्हणाल्या.

"त्यांना फळ्यावरची अक्षरं बघायची असतात. हे म्हणजे आपलं..."

"मी आहे की शेजारी."

एवढे आश्वासन पुरले. "बसव," चष्मेवाले हळूच म्हणाले.

कार्ड आले, ते खोक्याहून लांब निघाले. भटाला दिली ओसरी, तसा प्रकार झाला. त्याच्यासाठी मोठे खोके आणावे लागले. कार्डाची भूक भागवायला वीज पुरवणारा दांडगा डबा आला. खोके मावेना म्हणून भिंतीवरचा आरसा उतरला. गिऱ्हाइके फ्रेम लावून त्या खोक्याच्या चकचकीत काचेत चेहरा पाहू लागली. आत निळे दिवे लुकलुकत होते. एका आजीबाईंनी तिथे डोकावून पाहिले आणि "मी गेल्यासारखी दिसते," म्हणून फ्रेम परत ठेवली.

अखेर दुपार झाली. धुके नव्हते. तळाचा खडा न् खडा दिसावा असे पाणी. त्यावरून नाव स्वप्नात सरकावी तशी सरकली. पैलतीर उजळत गेला.

"गाव! म्हटलं नव्हतं?" बाईंनी टाळी वाजवली. "बघा, हात हलवतायत!"

"हातात काहीतरी आहे त्यांच्या."

"पाहुणचाराचं असेल."

तो पाहुणचार पेटत्या बाणाच्या रूपाने नावेवर येऊन पडला. क्षणार्धात सारे जळाले आणि पडद्यावर लाल अक्षरे उमटली: तुम्ही ठार झालात.

मागे उभा राहून बघणारा दुरुस्तीवाला खो-खो हसत सुटला. "काका, हा लढाईचा खेळ आहे! इतके दिवस तुम्ही काय खेळत होतात?"

"सहल," चष्मेवाले खोल आवाजात म्हणाले. "काढ ते कार्ड. जुनं बसव. आंधळं होतं, पण मनाचं चांगलं होतं."

"हात लावू नकोस रे," बाई कडाडल्या. त्यांनी पदर खोचला आणि माउस आपल्याकडे ओढला. "सरका तुम्ही जरा."

"अगं, पण..."

"गाव माझं. त्यात हे कोण उपटसुंभ शिरलेत, ते बघतेच. तुम्ही फक्त वल्ही मारा. आणि मान खाली!"

पुढे कितीतरी दुपारी चष्मेवाल्यांनी निमूटपणे वल्ही मारली. बाई मरत, जळत, बुडत आणि "चला, परत," म्हणून पुन्हा निघत. जिने जन्मात कधी झुरळावर चप्पल उगारली नव्हती, ती बुरुजामागून बुरूज झोपवीत होती. शेवटी एका दुपारी किनारा निःशब्द झाला. रिकाम्या घरांमागे उंच, हिरवे, मिटल्या डोळ्यांसारखे शांत रान उभे होते.

"हे घ्या तुमचं रान," घाम टिपत बाई म्हणाल्या. "माणूस औषधालाही ठेवला नाही."

चष्मेवाल्यांनी बाणांवरची बोटे उचलली. पडद्यातली पाने सळसळत राहिली.

"बसा घटकाभर," बाई मायेने म्हणाल्या. "मग त्या पलीकडच्या टेकडीवरचे आवरून टाकू."