पूर्ण नाव सांगा

आमच्या अमरावतीच्या वृद्धाश्रमात जेवायच्या आधी परीक्षा द्यावी लागे. ताटं मांडली की दिगंबरराव कंपाउंडर चमचा घेऊन हजर. म्हाताऱ्याच्या तोंडात चमचाभर पाणी ओतायचं, गळ्यावर दोन बोटं टेकवायची आणि हुकूम सोडायचा, "गिळा. आता पूर्ण नाव सांगा."

आवाज कोरडा आला तर भाकर. घशात पाणी अडकून घरघरला तर पातळ अंबील. अकोल्याच्या दवाखान्यात एक म्हातारा त्यांच्यादेखत भाकरीच्या घासानं गुदमरून गेला होता. तेव्हापासून त्यांचा कुठल्याच घशावर विश्वास उरला नव्हता. तपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी सोडलं नाही. "साहेब, आधी घोट."

मी तिथला कारकून, निकाल वहीत मांडणारा. एक म्हातारे वकील खाकरून खाकरून घसा साफ करून येत आणि तरी नापास होत. "भाकरीसाठी हायकोर्टात जाईन मी!" ते ओरडत.

"जा नं. आज अंबील पिऊन जा."

वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, त्या सुमारास बायकांची खोली सुरू झाली. पहिल्या आल्या अंजनगावकडच्या सरूबाई. चांगल्या कास्तकाराघरच्या, पण नवरा गेलेला, मूलबाळ नाही. त्या पाणी नीट गिळत, "सरस्वती" म्हणत आणि मान खाली घालून थांबत.

"अर्ध्यातच बंद पडून राह्यला हो आवाज," दिगंबरराव हळहळले. "घसा गेला बाईचा. लिहा, अंबील."

मी लिहिलं. तीन महिने रोज लिहिलं. सरूबाई शेजारच्या ताटातल्या भाकरीकडे बघत अंबील पीत आणि वाळत चालल्या.

एक दिवस माझा विसरलेला चष्मा द्यायला बायको आली. तिनं दारातूनच परीक्षा पाहिली आणि कपाळाला हात लावला. "अवो, नवऱ्याचं नाव कशा घेतीन त्या? मी तरी घेतलं काय कधी तुमचं?"

दिगंबरराव पांढरे पडले. त्यांनी घाईघाईनं भाकर दुधात कुस्करली. "माय, चुकलं माहं. घ्या, हा घास घ्या."

सरूबाईंनी घास घेतला आणि जीव घाबरा करणारा ठसका लागला. पाठ चोळल्यावर तो थांबला, तेव्हा दिगंबरराव हळूच म्हणाले, "निसतं सरू म्हणा."

त्या म्हणाल्या. आवाज घरघरला. तीन महिन्यांत अंगातली शक्ती गेली होती, तिच्याबरोबर घशातलीही. आता खरोखरच अंबील.

"मले वाटलं, भाकरीसाठी त्यायचं नाव घ्या म्हणता," त्या थांबत थांबत बोलल्या. "मंग म्हटलं, राहू द्या भाकर."

त्या दिवशी दिगंबरराव जेवले नाहीत. ओट्यावर एकटेच बसले होते. मी जवळ गेलो.

"तुमच्या बायकोनं उभ्याउभ्या ओळखलं," ते म्हणाले. "मले कसं समजावं हो? लगन नाही, काही नाही. माहं नाव घ्याले लाजणारं घरी कोणी असतं, तं समजलं असतं."

मला तोंड वर करवेना. माझ्या घरी बावीस वर्षं तशी बाई होती, आणि वहीत अंबील मीच लिहीत होतो.