खळ्या पाडलेला बंब

मानवाने तांब्याची आणि अग्नीची ओळख करून दिली, त्यानंतर आंघोळीच्या पाण्याच्या इतिहासात एकच क्रांती झाली. आणि ती खांदा कॉलनीतल्या आमच्या रो-हाऊसच्या मागच्या अंगणात, माझ्या हातून झाली! धनत्रयोदशीच्या दुपारी झाली आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे विझली.

दोष विज्ञानाचा. आमचा जावई निकेश पहिल्या दिवाळसणाला आला होता. पोरगा पीएचडी करतो. कशात, असं लग्न ठरताना विचारलं, तर आमची दिपिका नुसतं "उष्णतेत" म्हणाली होती. म्हणून जेवताना मीच खोदून विचारलं.

"बाबा, गरम हवा सपाट धातूवरून वाहते ना, तेव्हा धातूला चिकटून हवेचा एक सुस्त थर बसतो. उष्णतेला आत जाऊच देत नाही."

"दारात गप्पा मारत उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा!"

"एक्झॅक्टली! म्हणून आम्ही धातूवर खळ्या पाडतो. हवा खळीत शिरते, गिरकी घेते, त्या थराला ढवळून काढते. उष्णता भराभर आत!"

माझा घास हातातच राहिला. डोळ्यांसमोर आला आमचा बंब! मधोमध उभं नळकांडं, खाली जाळ, नळकांड्यातून गरम धूर वर आणि भोवती पाणी. नळकांडं आतून गुळगुळीत, म्हणजे धुराला रान मोकळं! ऊब न देता निघून जातो लेकाचा!

हा बंब माझ्या बायकोच्या, सत्यवतीच्या माहेरचा, उरणचा. तिच्या वडिलांनी, काशिरामबाबांनी दिलेला. वर्षातून एकदाच माळ्यावरून उतरतो. यंदा तर तिने चिंच लावून असा घासला होता, की त्यात बघून दाढी करावी. "माज्या जावयाची पयली आंघोळ माज्या बाबांच्या बंबातल्या पाण्यानं व्हायला पायजे," एवढीच तिची दिवाळी होती.

दुपारी घर झोपलं. मी खलबत्त्यातला लोखंडी बत्ता काठीला बांधला, नळकांड्यात घातला आणि आतून ठोकायला लागलो. ठण्! एक खळी. ठण्! दुसरी. शेजारचा हरेश कुंपणावरून डोकावला.

"काका, काय चाललंय?"

"संशोधन!"

"काकूंना माहितीये?"

मोठ्या कार्यात असल्या क्षुल्लक प्रश्नांना उत्तरं द्यायची नसतात.

पहाटे जाळ केला. निकेश तेल-उटणं लावून, उघड्या अंगाने अंगणात पाटावर बसला. मीही लावून बसलो; शोधाचा मान म्हणून दुसरा नंबर माझाच! सत्यवतीने बंब भरला. आणि नळकांड्यातून आवाज आला, "फुस्स्स्!"

"ऐका!" मी ओरडलो. "हवा गिरकी घेतेय!"

"आवो, हवा कसली? पानी गलतंय!"

"शक्यच नाही! लाकडं ओली असतील!" म्हणून मी आणखी चार लाकडं सारली. वरून पाणी, खालून जाळ. अंगणात असा धूर कोंडला की निकेश दिसेना, नुसता खोकताना ऐकू येई. बंब रिकामा व्हायच्या आत सत्यवतीने तोटी सोडून उरलंसुरलं पाणी बादलीत धरलं.

"आग! आग!" हरेशने कुंपणावरून उडी मारली, समोर दिसली ती बादली उचलली आणि धुरात भिरकावली.

जाळाला थेंबही लागला नाही. धूर ओसरला तेव्हा पाटावर निकेश निथळत बसला होता.

सत्यवतीने पदर खोचला. मी तुळशीवृंदावनामागे सरकलो.

"उल्ट्या कालजाचा मानूस! माज्या बाबांचा बंब! भाऊबीजेला माजा भाऊ महादेव येल, त्याला काय दाखवू? भोक?"

निकेशने उठून, जाळ बाजूला ओढून, मोबाइलच्या उजेडात नळकांड्यात पाहिलं. "बाबा, खळ्या उथळ पाडायच्या असतात. ही खळी नाहीये, खिडकी आहे."

"पण तत्त्व? उष्णता वाढली ना?"

"वाढली. सगळी आईंकडे गेली."

मग तो सत्यवतीकडे वळला. "आई, बादलीतलं पाणी बंबातलंच होतं ना?"

तिने रिकाम्या बादलीकडे पाहिलं, जावयाच्या ओल्या केसांकडे पाहिलं. "व्हतं तर."

"मग झाली की माझी आंघोळ! आजोबांच्या बंबातल्या पाण्याने!"

सत्यवतीच्या डोळ्यांत पाणी आलं. धुराने असेल. तिने लगेच त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि ओवाळायला घरात नेलं. हरेशलाही फराळाला बोलावलं; जावयाला आंघोळ घातली ना त्याने!

"कोमट होतं का रे?" मी मागून विचारलं. "थोडं तरी?"

दार लागलं.

तेव्हापासून मी अंगणात आहे. उजाडलंय. आत चकल्या मोडल्याचे आवाज येतायत. अंगावरचं उटणं वाळून तडतडायला लागलंय आणि बंबाच्या नळकांड्यातून थेट आभाळ दिसतंय. शेवटी मी खिडकीशी गेलो आणि हळूच म्हणालो,

"सत्यवती, गॅसवर एक तपेलं ठेवतेस का?"