पाच भागांचा नेम

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरली आणि अन्नपूर्णाबाईंच्या सरळ चाललेल्या दिवसांना भलताच फाटा फुटला.

पेटीत जुना व्हिडिओ गेम निघाला. सोबत पाच कॅसेटा, प्रत्येकीवर झुपकेदार शेपटीच्या खारीचं चित्र आणि खाली एक ते पाच आकडे. महादेवराव, म्हणजे अन्नपूर्णाबाईंचे यजमान, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, पेटीजवळ उकिडवे बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. वीस वर्षांपूर्वी, अविनाश दहावीत असताना, हा गेम त्यांनीच वायर ओढून बंद केला होता आणि पेटीत घालून वर टाकला होता. अविनाश आता नाशिकला असतो. संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा अन्नपूर्णाबाईंनी सहज सांगितलं.

"सापडला का तो?" अविनाश हसायला लागला. "बाबा, आठवते का? पाचव्या भागाच्या शेवटच्या फाटकापाशी होती माही खार. एक उडी बाकी, अन् तुम्ही वायर ओढली. फाटकामागं काय होतं ते मले आजलोक माहीत नाही."

तो हसून बोलला, पण महादेवराव हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून ते मधल्या खोलीत गेले, जुना टीव्ही पुसला आणि पहिली कॅसेट लावली.

"पोरगं शनिवारी येऊन राह्यलं," ते म्हणाले. "शुक्रवारलोक मी ते फाटक उघडतो."

"मंग थेट पाचवीच लावा ना."

"मधले थांबे गाळून गाडी नेता येते का? चौतीस वर्षं नोकरी केली मी. एकापासून लागायचं."

त्या मशीनला काही आठवण राहत नसे. बंद केलं की तो भाग पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे भाग चालू असताना उठायचं नाही, दार लोटून घ्यायचं, जेवण एकदाच, असे नियम महादेवरावांनी स्वतःच घालून घेतले. अन्नपूर्णाबाई दारात उभ्या राहून बघत राहिल्या. चाळीस वर्षं त्या या माणसाला एखादा तरी नेम धरा म्हणत होत्या. आता धरला होता, आणि तो खारीचा.

त्यांचे स्वतःचे नेम चालूच होते. तुळशीला पाणी, देवापुढे रोज अकरा वाती, चातुर्मासात एकवेळ जेवण. दरवर्षी त्या चार महिन्यांसाठी काहीतरी सोडत. कांदा सोडून झाला होता, वांगी सोडून झाली होती. या वर्षी त्यांनी खोटं बोलणं सोडलं होतं. वांगी फार सोपी होती, हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं. पण आषाढीपासून आजवर त्यांच्या तोंडून एक खोटा शब्द गेला नव्हता, आणि कार्तिकी एकादशीला आता थोडेच दिवस उरले होते. एवढं निभावलं की सुटली, असं त्या रोज वाती वळताना मनाशी म्हणत.

तिसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून शेजारच्या गोजरबाईंनी डोकं वर काढलं.

"काय व बाई, भाऊ पारावर नाही दिसून राह्यले? तब्येत बरी हाये ना?"

"बरी हाये," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "बसले ते."

"बसले? कुठी?"

"मधल्या खोलीत. पाच भाग हायेत. क्रमानं. मधात उठता येत नाही."

तेवढ्यात आतून टुंग-टुंग असा आवाज आला. गोजरबाईंनी कान तिकडे केला आणि क्षणभर ऐकत राहिल्या. मग त्यांचा चेहरा उजळला.

"अन् शेवटालोक नेतीन?"

"शुक्रवारी संपवतो म्हणतात."

"बसले म्हणा की!" एवढं बोलून गोजरबाई पदर सावरत गेल्यासुद्धा.

आनंद होण्यासारखं त्यांच्याजवळ कारण होतं. मुलगा भागवत नोकरीला लागला तेव्हा त्यांनी नवस बोलला होता, की गल्लीत कोणी नेमानं बसून काही शेवटाला नेलं, तर त्याच्या नावानं सगळ्या गल्लीला गोवरीवर भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांचं जेवण घालीन. तीन वर्षं झाली, नवस अडकलेलाच होता. एकजण पोथी घेऊन बसले, ते सुनेच्या बाळंतपणासाठी तिसऱ्या दिवशी उठले. दुसऱ्याची कंबर धरली.

अन्नपूर्णाबाईंनी आपला एकेक शब्द पुन्हा तपासला. सगळे खरे होते. तरी भातात खडा लागावा तसं काहीतरी लागत होतं.

संध्याकाळी गोजरबाईंचे यजमान वामनराव आले. ते भजनी मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी चप्पल अंगणाच्या पार बाहेर काढली.

"वहिनी, पारायण मांडलं अन् आम्हाले सांगतलं बी नाही!"

"नाही जी, तसं नाही ते," अन्नपूर्णाबाई घाईघाईने म्हणाल्या. "ते टीव्हीवर खारीचा गेम खेळून राह्यले."

वामनरावांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग त्यांनी दोन्ही हात जोडले.

"समजलं. नेम बोलून दाखवायचा नसते. माही आजी बी अशीच. पहाटे दोन घंटे जप करे, अन् विचारलं तं म्हणे, मी तं झोपली होती. तुम्ही खार म्हणा, आम्ही समजतो."

"पन खरंच खार हाये हो!"

"हाव, हाव," वामनराव भक्तिभावाने म्हणाले आणि पाऊल न वाजवता निघून गेले.

अन्नपूर्णाबाई ओट्यावर बसल्या. खोटं बोलायचं नाही, एवढाच त्यांचा नेम होता. खरं बोलूनही कोणी ते घेतलं नाही तर काय करायचं, हे त्यांनी संकल्प सोडताना ठरवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बायका फुलं घेऊन आल्या आणि मधल्या खोलीच्या लोटलेल्या दारापुढे बसल्या. आत महादेवरावांची खार काटेरी झुडपात पडली असावी.

"मेलो!" ते ओरडले. "मेलो, बाप्पा!"

त्या बायकांतल्या जनकाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती तळमळ हाये, माय!"

"चाल ना बे! काऊन थांबला? मार उडी!"

बायका चपापल्या. जनकाबाईंनीच मान डोलावली. "मनाले सांगून राह्यले. मन असंच राह्यते."

"कितवा चालू हाये?" एकीने हळूच विचारलं.

"तिसरा," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. तेही खरंच होतं. त्यांनी पुन्हा खारीचं सांगून बघितलं. बायकांनी एकमेकींकडे बघून गालात हसून घेतलं. या बाईंचं असंच, केलेलं कधी दाखवायच्या नाहीत. दाराला फुलं वाहून त्या गेल्या.

बुधवारी दुपारी चौथा भाग संपत आला होता आणि लाईन गेली. आतून असा काही आवाज आला की वामनराव जेवणाच्या पानावरून उठून धावत आले.

"दिवा विझला का, वहिनी?"

"लाईन गेली जी. आता चौथा पुन्हा पहिल्यापासून."

"पुन्हा पहिल्यापासून!" वामनराव भिंतीला टेकले. "इतका कडक नेम तं मी ऐकला बी नव्हता."

अर्ध्या तासात हातगाडीवरून मंदिरातला इन्व्हर्टर आला. कीर्तनाच्या माईकसाठी घेतलेला. अन्नपूर्णाबाई गाडीपुढे आडव्या झाल्या.

"नका, वामनराव. देवाचं हाये ते."

"देवाच्याच कामाले चाललं."

वायरी जोडल्या गेल्या. आत टुंग-टुंग सुरू झालं. अन्नपूर्णाबाई देवघरात जाऊन बसल्या, पण त्या दिवशी त्यांच्याकडून एकही वात सरळ वळली गेली नाही. आजवर मोजक्या शब्दांवर त्या निभावून नेत होत्या. आता देवाचा इन्व्हर्टर खारीला लागला होता. आणि भिंतीपलीकडून गोजरबाईंचा आवाज येत होता, "शुक्रवारले रोडगे! साऱ्या गल्लीनं यायचं! सोनाळ्याहून माहा भाऊ गंगाफळं धाडून राह्यला!"

त्यांनी देवापुढे कान धरले. शुक्रवारी सगळ्यांसमोर ते दार आपल्या हातानं उघडायचं. मग लोक हसोत, नाहीतर उठून जावोत.

शुक्रवारी सकाळपासून अंगणात गोवऱ्यांची धग होती आणि रोडगे भाजल्याचा खरपूस वास गल्लीभर झाला होता. पत्रावळींचा ढीग ओट्यावर आला. वामनराव टाळ घेऊन आले, मागून भजनी मंडळ. पाचवा भाग चालू होता.

अन्नपूर्णाबाई दारापुढे उभ्या राहिल्या. त्यांनी पदर खोचला.

"मले काही सांगाचं हाये," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मुळातच हळू, म्हणून सगळे गप्प झाले. "मी या पाच दिवसांत खोटं बोलली नाही. पन तुम्ही भलतं समजून राह्यले, हे दिसत असून मी दार उघडलं नाही. आता पाहा."

त्यांनी दार ढकललं.

टीव्हीवर एक खार पाण्यातून वाहत जाणाऱ्या ओंडक्यांवरून उड्या मारत होती. समोर पाटावर, डोक्याला उपरणं बांधून, महादेवराव रिमोट दोन्ही हातांत घट्ट धरून बसले होते. वामनरावांच्या हातातले टाळ आपोआप एकदा वाजले.

"उजेड सोडा!" महादेवराव मान न वळवता ओरडले. "एकच जीव राह्यला!"

पुढच्या माणसांनी उजेड सोडला, म्हणजे ती आत येऊन खाली बसली. खार दुसऱ्या ओंडक्यावर गेली. तिसरा ओंडका पाण्याखाली जायला लागला.

"अव माय, पडीन ते!" जनकाबाई म्हणाल्या.

"थांबा, थांबा," महादेवराव पुटपुटले. "घंटी दिल्याबिगर गाडी सोडाची नाही."

ओंडका वर आला. खारीने उडी मारली. पुढे फाटक, फाटकापुढे रुंद दरी. महादेवरावांच्या पायाला मुंग्या आल्या असाव्यात, कारण त्यांनी बसल्या जागी एक गुडघा वर केला, आणि मागच्या सगळ्या माणसांनीही नकळत एकेक गुडघा वर केला.

"मारा आता!" हा वामनरावांचा आवाज होता.

खार उडाली. फाटक उघडलं. आत एक म्हातारी खार, पांढऱ्या मिशांची, बी फोडत बसली होती. छोटी खार जाऊन तिच्याशेजारी बसली. बस, एवढंच. वर तारे उडाले आणि गाणं वाजलं.

खोलीत असा श्वास सुटला की दाराशी बायकांनी लावलेल्या समईची ज्योत हलली. मग टाळ्या, आणि टाळही. महादेवरावांनी अविनाशला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन टीव्हीपुढे धरला.

"पाह्य. ते होतं फाटकामागं."

अविनाशने फोन डोळ्यांजवळ आणला. "इतकंच होतं, बाबा?"

"इतकंच," महादेवराव म्हणाले. "वायर मी ओढली होती. फाटक बी मीच उघडलं. आता घरी ये."

"येतो," अविनाश म्हणाला, आणि त्याने फोन जरा बाजूला धरला.

अन्नपूर्णाबाई मात्र अजून दारातच होत्या. त्यांनी गोजरबाईंचा हात धरला. "बाई, मले माफ कर. तुहे रोडगे वाया गेले."

"काऊन वाया?" गोजरबाई तुपाची वाटी सांभाळत म्हणाल्या. "मले पहिल्याच दिवशी माहीत होतं."

"काय?"

"अव, माहा भागवत दहावीत असताना तुह्या अवीसंगं अथीच पडून राहे. त्या टुंग-टुंगनं माहं डोकं उठलं होतं. तो आवाज मी मेल्यावर बी ओळखीन."

"अन् तू सगळ्या गल्लीले पारायण म्हणून सांगतलं?"

"कोणी? मी?" गोजरबाईंनी वाटी खाली ठेवली. "आठव. माह्या तोंडून पारायण शब्द निघाला का? पोथी म्हणली का मी? मी म्हणली, बसले. पारायण आमच्या ह्यायनं लावलं, त्यायच्या मनानं. अन् माह्या नवसात बी पोथी नव्हती. नेमानं बसून शेवटाले नेलं पाह्यजे, एवढंच होतं. भाऊनं नेलं. तीन वर्षांचं ओझं उतरलं माय माह्या डोक्यावरचं!"

अन्नपूर्णाबाईंनी तिच्याकडे बघितलं. आधी रागवावं असं वाटलं, पण हसू आधी आलं आणि त्यासोबत पाच दिवसांचा खडाही निघून गेला. नेम शाबूत होता. आपल्याच गल्लीत आपल्यापेक्षाही शब्द मोजून वापरणारी बाई राहते, हे त्यांना आज कळलं. त्यांना एकदम कडकडून भूक लागली.

पंगत बसली. वरण, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, फोडलेले रोडगे. एक पान मात्र रिकामं होतं.

"आमचे हे कुठी गेले व?" गोजरबाईंनी चौफेर बघितलं.

मधल्या खोलीतून टुंग असा आवाज आला. अन्नपूर्णाबाईंनी डोकावलं. टीव्हीवर पहिली कॅसेट होती. पाटावर वामनराव मांडी घालून बसले होते, टोपी नीट, टाळ बाजूला. महादेवराव शेजारून सांगत होते, "घाई नका करू. पहिलाच थांबा हाये."

"वामनराव, पानं वाढली."

"वहिनी," वामनराव टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "मधात उठता येत नाही."

अन्नपूर्णाबाईंनी दार हळूच लोटून घेतलं आणि तुपाची वाटी घेऊन पंगतीत आल्या.

"कुठी हायेत अध्यक्षसाहेब?" जनकाबाईंनी विचारलं.

अन्नपूर्णाबाईंनी गोजरबाईंकडे बघितलं. मग जनकाबाईंच्या रोडग्यावर तूप सोडत त्या शांतपणे म्हणाल्या, "बसले."