नव्वद अंशांचं गाऱ्हाणं

सिद्धेशच्या तक्त्याने आलेल्या सगळ्या लाटा गिळल्या, एकही परत फिरली नाही, ही बातमी त्याच्या आईने, यशोदाने, दुपारच्या जेवणाआधी अख्ख्या वाडीत पोहोचवली. लाटा समुद्राच्या नव्हेत, रडारच्या. रडारला दिसू नये म्हणून आखलेला तो तक्ताही खरा नव्हता, लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरमधला होता. पण एवढं बारीक यशोदाला कोण विचारणार?

पुण्याच्या कंपनीत लागून सिद्धेशला पाच महिने झाले होते. कायम करायचं की नाही, ते या महिन्यात ठरणार होतं. म्हणून निकाल हाती येताच मालवणच्या घरातूनच त्याने कंपनीतल्या आपल्या वरिष्ठ सुनीती मॅडमना कळवून टाकलं. इकडे वडिलांनी देवळात नारळ पाठवला आणि चार वाजता गाऱ्हाणं, म्हणजे साऱ्या वाडीने मिळून देवाला घालायचं साकडं, ठरवलं.

तीनला बाबूकाका बांगडे घेऊन आले. त्यांच्या बोटीवरच सिद्धेश वाढला होता. त्याने मोठ्या हौसेने पडदा त्यांच्याकडे वळवला. ही आडवी पट्टी म्हणजे तक्ता, हा बाण म्हणजे लाट, काटकोनात सोडलेली.

"बोटीच्या कुशीर आदळता तशी, काका. नव्वद अंश."

काकांनी चष्मा वर केला. "मगे ह्यो बाण तक्त्याच्या कडेकडेन खंय चल्लो? लागलोच नाय तर परत येतलो कसो रे?"

सिद्धेशने पाहिलं. सॉफ्टवेअर कोन मोजत होतं तक्त्यावर उभ्या केलेल्या काठीपासून. समोरून येणारी लाट म्हणजे शून्य. त्याने मोजला होता तक्त्याच्या फळीपासून, घरात सगळे बोटीच्या फळीपासून मोजतात तसा. त्याची लाट तक्त्याला न शिवता बाजूने निघून गेली होती. त्याने शून्य घालून पुन्हा चालवलं. जवळजवळ सगळी लाट परत आली.

 काका बांगड्यांची पिशवी आत ठेवून आले.

देवळात वीसेक माणसं जमली होती. गाऱ्हाणं थांबवायचं धाडस सिद्धेशला झालं नाही.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान नवीन तक्तो शोधून काढल्यान..." पुजाऱ्याने सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. सिद्धेशचे ओठ हलले नाहीत. 

"आणि काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल."

"व्हय म्हाराजा!" या वेळी सर्वांत मोठा आवाज सिद्धेशचा होता. यशोदाने कौतुकाने मागे वळून पाहिलं. पोरगो एवढो शिकलो, पण अजून नम्र आसा, असं ती शेजारणीला म्हणालीसुद्धा.

तो दीपमाळेमागे गेला आणि फोन लावला. "मॅडम, कोन चुकला. लाट तक्त्याला लागलीच नव्हती."

त्याने मनातल्या मनात पुण्याच्या खोलीची आवराआवर सुरू केली. मग मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "तो निकाल मी सकाळीच साहेबांकडे पाठवलाय. खाली लिहिलंय, 'मी स्वतः तपासला.'"

आतून पुन्हा "व्हय म्हाराजा" उठलं.

"मागे काय चाललंय?"

"गाऱ्हाणं, मॅडम. चुकलं असेल ते पोटात घाल म्हणून."

"सहाला दोघं मिळून साहेबांना फोनवर सांगू," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "ते संपलं का?"

"नाही अजून."

"मग जमलं तर माझंही नाव घालायला सांगा."