विहीणबाईंची भाषा

आमच्या शेजारचे हिरामणअप्पा कापलेलं टरबूजही परत करतात. एकदा म्हसावदच्या बाजारात अर्धं खाऊन उरलेलं अर्धं त्यांनी विकणाऱ्यापुढं ठेवलं. भांडण नाही, चढा आवाज नाही. "मन्हं समाधान नही," एवढंच म्हणायचं आणि समाधान होईपर्यंत तिथंच बसायचं. कटिंग आवडली नाही म्हणून ते परत गेले, तेव्हा न्हाव्यानं विचारलं, केस परत कसे लावू? अप्पांनी त्यावरही थोडा विचार केला होता.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी मोबाईलवर एका ॲपची वर्षभराची वर्गणी भरली. 'भारतातली कुठलीही भाषा घरबसल्या शिका,' अशी जाहिरात होती. अप्पांनी सगळं ॲप पालथं घातलं, पण सातपुड्यातल्या आदिवासींची पावरी सापडेना. लगेच कस्टमर केअरला फोन. तिथली मुलगी गोड आवाजात सांगायची की पावरी ही बोली आहे, भाषा नाही, त्यामुळे पैसे परत मिळणार नाहीत. अप्पा रोज फोन लावायचे, ती रोज तेच सांगायची.

मग एका दुपारी त्यांच्या विहीणबाई आल्या. अप्पांची सून सुमन मोलगीकडची, इथल्या दवाखान्यात नर्स. तिच्या आईला पावरीशिवाय दुसरं काही येत नाही. अप्पांनी मला साक्षीला बोलावलं, फोन स्पीकरवर टाकला आणि विहीणबाईंच्या हातात देऊन बोलायची खूण केली. त्या आधी लाजल्या, मग जी गाडी सुटली ती थांबेना. सुमन दारात ओढणी तोंडाला लावून हसत होती.

अप्पांनी फोन घेतला. "समजनं का, बेटा?"

"नाही सर."

"मंग ती भाषाच शे ना. अन् ती तुमनाकडे नही."

पलीकडून हसू आलं. संध्याकाळच्या आत पैसे परत आल्याचा मेसेज आला.

मी विचारलं, या वयात पावरी कशाला? अप्पा अंगणाकडे बघत म्हणाले,

"त्या येतस, बसतस, मुक्याच चालना जातस. तुन्ही काकू व्हती तवय हातवारे करीसन त्यासनासंगे बोले. माले ते जमत नही."

काकूंना जाऊन वर्ष झालं होतं.

विहीणबाई फोनवर काय बोलल्या, ते सुमननं मग सांगितलं. अप्पांचा चहा फार गोड असतो, आणि नको कसं म्हणावं ते कळत नाही म्हणून त्या दरवेळी गुपचूप पितात.

अप्पांनी साखर किती टाकू हे पावरीत कसं विचारायचं, ते सुनेकडून समजून घेतलं आणि पुटपुटत स्वयंपाकघरात गेले. आतून त्यांनी विचारलं. विहीणबाईंनी हसत चूक सुधारली. अप्पांनी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा सुधारली.

चहा यायला बराच वेळ लागला.