सुधामामाच्या नावावरची पाच कर्जं

सुधामामा कुणाच्याही घरी गेला की आधी फ्रीजची विचारपूस करतो. माणसांची नंतर. चपला काढता काढता तो विचारतो, "मिक्सर बरा आहे?" मग आत जाऊन, तापातल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा मिक्सरवरून हात फिरवतो. वॉशिंग मशीन चालू असलं तर त्याच्यासमोर स्टूल ओढून बसतो आणि कपडे पिळून होईपर्यंत उठत नाही. चहा तिथेच आणून द्यावा लागतो. घरातलं कुणी म्हणालं, सहा वर्षं झाली, एकदाही दुरुस्ती काढली नाही, की मामा डोळे मिटून म्हणतो, "चालू आहे ना? मग झालं." एका बारशाला तो पाळण्यापाशी कमी आणि टीव्हीपाशी जास्त उभा होता. बाळाच्या आजीने ते अजून मनात ठेवलं आहे.

हा माझ्या आईचा धाकटा भाऊ. वय सहासष्ट, लग्न केलं नाही. डिलाईल रोडच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातली खोली. पालिकेत कारकून होता, आता पेन्शन घेतो. बोलतो असा, की आत्ताच दुपारच्या झोपेतून उठलाय आणि अर्धं स्वप्न अजून उशीवर पडलंय. गॅलरीतून येताना कठड्याला बोटं लावत लावत येतो. कठडा संपला तर हा माणूस तरंगत वर जाईल असं मला लहानपणी वाटायचं. अजूनही अधूनमधून वाटतं.

मी त्याच्या अगदी उलट. हिंदमाताला माझं साड्यांचं दुकान आहे आणि ते मला कुणी दिलेलं नाही. सोळाव्या वर्षापासून दुसऱ्यांचे गठ्ठे खांद्यावर वाहिले, तेव्हा कुठे स्वतःच्या गल्ल्यावर बसलो. भाव पाडल्याशिवाय मी दाढीसुद्धा करून घेत नाही. आमची भाजीवाली मला लांबून बघते आणि भाव आधीच वाढवून ठेवते.

मामावर माझा राग होता. दुकानाची जागा घेताना मला पतपेढीचं कर्ज हवं होतं आणि एक जामीन कमी पडत होता. घरात पक्क्या नोकरीचा माणूस एकच, मामा. मी पेढे घेऊन गेलो. त्याने पेढा खाल्ला, कागद वाचला, माझ्या पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाला, "तुझ्या कागदावर मी सही करणार नाही." का, ते सांगितलं नाही. जामीन मी दुसरा शोधला, पण दोन वर्षं त्याचा जिना चढलो नाही. पुढे चढायला लागलो तेव्हाही राग खाली ठेवून गेलो नाही, बरोबर नेत राहिलो.

गेल्या वर्षापासून मामाचे कान जायला लागले. डावा गेलाच, उजवा निघायच्या तयारीत. समोर बसून, तोंड दाखवून सावकाश बोललं तर कळतं. तो तक्रार करत नव्हता. एवढंच म्हणाला, "राजन, सगळं पाण्याखालून येतंय रे. चाळ पाण्यात बुडालीय आणि मी वरून बघतोय." डॉक्टर म्हणाले, यंत्र आत्ता लावा, उशीर झाला तर यंत्राचाही उपयोग होणार नाही. दोन्ही कानांचं मिळून ऐंशी हजार.

मी लगेच पैसे काढले. मामाने माझा हात खिशात परत घातला. आमच्याकडे भाच्याला द्यायचं असतं, भाच्याचं घ्यायचं नसतं. पुण्य-पाप काय ते मला ठाऊक नाही, पण मामा त्या बाबतीत दगड आहे. मग हप्त्यांवर घ्यायचं ठरलं. दादरच्या यंत्रवाल्या दुकानातल्या मुलीने मामाचा पॅन नंबर टाकला, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "काका, हप्ते मंजूर होत नाहीयेत. तुमच्या नावावर थकबाकी दिसतेय."

"मी जन्मात कर्ज काढलेलं नाही," मामा म्हणाला.

मी क्रेडिट रिपोर्ट काढला. पाच कर्जं. चार फिटलेली, एक थकलेलं. मी त्याच्यासमोर कागद आपटला. "जन्मात नाही ना काढलं? मग ही काय भुतांनी काढली?"

मामाने चष्मा लावला आणि लग्नपत्रिकेतली नावं वाचावी तशी एकेक ओळ वाचू लागला. चेहरा उजळत गेला. "हा सावंतांचा टीव्ही. हा परबांचा मिक्सर. पहाटे वाटण लागलं की माझ्या फळीवरची ताटली हलायची. घाडींचा फ्रीज. झोपेत कण्हायचा तो, म्हाताऱ्यासारखा. हे कदमांचं वॉशिंग मशीन. दर रविवारी भिंतीपलीकडे आगबोट सुटायची." डोळे मिटून तो बराच वेळ कुठल्या तरी धक्क्यावर उभा राहिला.

तेव्हा मला उलगडलं. गिरण्या गेल्यानंतर चाळीत कामं सगळ्यांना होती, पण पगाराची स्लिप एकट्या मामाकडे. दुकानदार हप्त्यावर वस्तू द्यायला स्लिप मागायचा. म्हणून वस्तू मामाच्या नावावर यायची आणि जायची शेजाऱ्यांकडे. दर पाच तारखेला घरवाले हप्ता घेऊन मामाच्या खोलीत यायचे, चहा प्यायचे, तासभर बसायचे. मामाच्या स्वतःच्या खोलीत एक खाट, एक स्टोव्ह. टीव्हीसुद्धा नाही. मी विचारलं, तर म्हणाला, "सगळ्यांचं ऐकू यायचं की."

पाचव्या ओळीपाशी तो थांबला. त्या कंपनीचं नाव आम्ही दोघांनीही कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "ही फसवणूक आहे. हे कर्ज माझं नाही, असं कळवायचं. महिन्याभरात ओळ पुसली जाईल."

मामाने तारीख बघितली. "शिलाई मशीन. मोटरवालं. नंदाचं." नंदा म्हणजे समोरच्या खोलीतली भाडेकरीण. मूळ कंपनीने ते कर्ज दुसरीला विकलं होतं, म्हणून नाव अनोळखी. नंदा नऊ वर्षांपूर्वी चाळ सोडून गेली होती.

"तरी कळव, माझं नाही म्हणून."

"सही माझी आहे."

मग मात्र माझा तोल गेला. "सगळ्या चाळीला सह्या वाटल्यास. नंदाला दिलीस, जी पळून गेली. सख्ख्या भाच्याला नाही दिलीस."

तो माझ्या ओठांकडे बघत होता, त्यामुळे एकही शब्द सुटला नाही. हळूच म्हणाला, "हप्ता चुकला की माणूस जिना चढत नाही, राजन. तुझा चुकला असता तर?"

"मी तरी कुठे चढलो? दोन वर्षं आलो नाही."

"पण आलास. रागावलेला माणूस परत येतो रे. लाजलेला येत नाही."

मी कंपनीला फोन लावला. दंड-बिंड धरून त्यांनी एकेचाळीस हजार सांगितले. तीन दिवस मी त्यांच्या वसुलीवाल्याला सोलून काढला आणि नऊ हजारांवर आणला. विजयी मुद्रेने यंत्रवाल्या मुलीला सांगायला गेलो. ती म्हणाली, "सर, कमी भरून मिटवलं तर रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' असं येतं. तो डाग राहतो. 'क्लोज्ड' यायला हवं." मी परत फोन केला आणि आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याला म्हटलं, जास्त घ्या. तो घाबरला. हा काहीतरी डाव आहे असं समजून त्याने फोन साहेबाला दिला. शेवटी दंड माफ, मुद्दल आणि व्याज पूर्ण, अठरा हजार, आणि 'क्लोज्ड'चं लेखी पत्र. मुदत महिनाअखेरपर्यंत.

मामाकडे अठरा हजार होते. तो म्हणाला, "भरीन. आधी ती येऊ दे. मी भरून टाकले असं तिला कळलं तर ती जन्मात यायची नाही."

"ती आहे कुठे?"

"मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिच्या कानावर गेलं असतं."

महिना संपायला आठ दिवस, आणि हा कान घालवायला निघालेला. पण साड्यांच्या धंद्यात पिको-फॉल करणाऱ्या बायका एकमेकींना ओळखतात. चार ठिकाणी विचारल्यावर नंदा लालबागला सापडली. एका जिन्याखाली, त्याच मशीनवर. शिव्या मी वाटेतच ठरवून ठेवल्या होत्या.

मी मामाचं नाव घेतलं तशी तिने पाय थांबवला. "सुधाभाऊंनी पाठवलं?"

"नाही. त्याला माहीत नाही."

"रागावलेत?"

"तो रागावत नाही, तीच तर पंचाईत आहे."

साडी घडी करता करता ती म्हणाली, "आमचे हे अंथरुणाला खिळले तेव्हा चार हप्ते राहिले. पुढे पैसे जमले, तर दुकान म्हणालं, कागद आता आमच्याकडे नाही. कुठल्या तोंडाने भाऊंसमोर जाऊ? डिलाईल रोडला काम निघालं तरी वळसा घालून जाते हो."

ठरवलेल्या शिव्यांपैकी एकही निघाली नाही. म्हटलं, "उद्या या. तीन वाजता तो जागा असतो."

संध्याकाळी मी मामाला सांगितलं, नंदा उद्या येतेय. त्याने मोबाइल काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्यासमोर दोन मिनिटांत कंपनीला अठरा हजार पाठवून दिले.

दुसऱ्या दिवशी नंदा आली. मामा गॅलरीच्या टोकाला उभा होता. "काय गो, पायऱ्या तेवढ्याच आहेत ना?" एवढंच म्हणाला. मामाने चहा ओतला. कंपनीचे अठरा हजार भरल्याचं मी तिला सांगितलं. नंदाने रुमालातून दोन हजार काढून खाटेवर ठेवले. त्याला दिसेल असं तोंड करून म्हणाली, "बाकीचे महिन्याला दोन-दोन हजार फोनवरून पाठवते, भाऊ. वर्षाच्या आत फेडते."

"मला ते फोनवरचं कळत नाही," मामा म्हणाला. "हातात आणून दे."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"बरं. हातात देते, दोन हजार."

"इतके नको. पाचशे."

"भाऊ, मला दोन हजार परवडतात."

"मला नाही परवडत." त्याने पाचशेची एक नोट ठेवून घेतली आणि बाकीच्या तिच्याकडे सरकवल्या.

मी दुकानदार माणूस, हिशेब आपोआप होतो. अठरा हजार, महिन्याला पाचशे. तीन वर्षं.

"निदान हजार तरी घ्या," ती म्हणाली.

"पाचशे."

"आठशे."

"पाचशे. पाच तारखेला. तीन वाजता."

तिने काकुळतीने माझ्याकडे पाहिलं. भाव तोडायला मध्ये पडणं हा तर माझा धंदा. म्हटलं, "ताई, पाचशेच करा. याच्या वर तो घेणार नाही."

मामा उठून पुन्हा स्टोव्हपाशी गेला आणि आधण ठेवलं. आमचे पहिले कप अजून अर्धे भरलेले होते.